सेंट कॅजेटन चर्च : प्रतिकृती की पाठभेद?

जुन्या गोव्यातील सेंट कॅजेटनचे घुमटधारी चर्च रोमच्या सेंट पीटरची लघुप्रतिकृती होय, असे मत वारंवार मांडले जाते. इटलीतून आलेल्या थिएटिन संघाच्या, १६६१ मध्ये पुऱ्या झालेल्या या वास्तूवर रोमची छाप आहे, हे निर्विवाद. परंतु रोमला मादेर्नोने मध्यदालन लांबविल्याने चौकातून घुमट अंशतः झाकला जातो. बेर्निनीचा मनोरा तर १६४६ मध्ये पाडण्याची पाळी आली. येथे आटोपशीर क्रुसाकृती आराखड्यावर घुमट मध्यवर्ती राहतो आणि दर्शनी भागाच्या दोन्ही टोकांस चौकोनी मनोरे आहेत. यास नक्कल म्हणणारांनी ही वास्तू पाहिली आहे काय? तिचे आजचे एकाकीपण मात्र मूळ कल्पनेतले नव्हे. १८४३ मध्ये राजधानीचा मान पणजीस मिळाला, त्यापूर्वीच हे नगर ओसाडले होते. भोवतालची घरे गेली नि घुमट तेवढा उरला.