बायबल-वाचनाचें एक पंचांग

ग्रंथांचें परीक्षण करण्याची रीत आहे. ग्रंथ वाचण्यासाठीं आंखलेल्या कोष्टकाचें परीक्षण सहसा कोणी करीत नाहीं. परंतु रॉबर्ट मरे मॅकशेन यांचें कोष्टक त्यास पात्र आहे. स्कॉटलंडांतील डंडी शहरच्या सेंट पीटर्स मंदिराच्या या धर्मोपदेशकांनीं तें १८४२ च्या अखेरीस आपल्या मंडळीकरितां रचिलें. पुढल्याच मार्चांत, वयाच्या अवघ्या २९ व्या वर्षीं, ते निवर्तले. कोष्टक मात्र आजही वापरांत आहे.

वर्षांत जुना करार एकदां, नवा करार व स्तोत्रें दोनदां, असा हा संकल्प आहे. रोज चार ठिकाणचें वाचन. दोन कुटुंबांत, दोन एकांतांत. १ जानेवारीस उत्पत्ति, मत्तय, एज्रा व प्रेषितांचीं कृत्यें हीं चारही पुस्तकें एकदम उघडतात. सृष्टीचा आरंभ, ख्रिस्ताचा जन्म, बंदिवासांतून परतणाऱ्या लोकांचा नवा संसार आणि नवी मंडळी असे चार आरंभ एकाच दिवशीं शेजारीं येऊन बसतात. एवढी जुळणी साधणारा मनुष्य केवळ हिशेबी नव्हे, रसिक होता, असें म्हणणें प्राप्त आहे.

पण हिशेबही पाहिला पाहिजे. सारे मिळून १५९९ अध्याय होतात, म्हणजे दिवसाला चारांहून अधिक. आणि डंडी हें गिरण्यांचें शहर! गिरण्यांतील स्त्रियांचे व अल्पवयी कामगारांचे तास दहांवर आणणारा कायदा व्हावयास १८४७ साल उजाडावें लागलें. अशा श्रोत्यांस चार अध्याय!

आम्ही ख्रिस्ती नाहीं. पण कॉलेजांत मिल्टन शिकवावयाचा तर बायबलावांचून गति नाहीं, म्हणून एका वर्षीं हें व्रत आम्हीं धरिलें. मार्चअखेर लेवीय पुस्तक लागलें आणि त्याच सुमारास उत्तरपत्रिकांचे गठ्ठे घरीं आले. पांच दिवस चुकले, वीस अध्यायांचें कर्ज झालें. तें फेडण्यासाठीं एका रविवारीं यज्ञवेदीच्या विधींवरून आम्हीं नुसती नजर फिरविली. मनांत एकही ओळ उतरली नाहीं; खुणा मात्र सर्व चौकटींत झाल्या!

नवल असें कीं, हा धोका मॅकशेन यांनीं स्वतःच लिहून ठेविला आहे. कोष्टकापूर्वींच्या निवेदनांत ते त्याचे फायदे सांगतात, पण त्याआधीं धोके सांगतात: वाचन निव्वळ उपचार होईल, नेम पाळल्याचा गर्व चढेल, वाचणारा निष्काळजी होईल, कित्येकांस हें जूं जड वाटेल. आमच्या मतें त्यांच्या लेखनाचा हाच भाग श्रेष्ठ आहे. दुर्दैव हें, कीं पुढें कोष्टक अनेकदां एकटेंच छापलें जातें.

मूळ दोष आम्हांस तारखांत दिसतो. आपल्याकडे पारायण वेगळें व नित्यपाठ वेगळा. पारायणास मुदत असते. तेवढे सात दिवस घर इतर कामें बाजूस सारतें. नित्यपाठ थोडका असतो, दिवेलागणीशीं बांधलेला असतो, आणि काल राहिला म्हणून आज दुप्पट म्हणावा लागत नाहीं. मॅकशेन यांनीं पारायणाला नित्यपाठाचें काम सांगितलें. सगळी मंडळी एकाच दिवशीं तेंच पान वाचीत आहे, हा लाभ त्यांस तारखांमुळें मिळाला, हें खरें. पण ज्याच्या भोंवतीं तशी मंडळी नाहीं, त्याच्या वांट्यास नुसती थकबाकी येते.

म्हणून आम्हीं तारखा खोडल्या, चारांतील एकच रकाना ठेविला, आणि सकाळच्या चहापूर्वीं एक अध्याय, एवढेंच ठरविलें. चुकला तर खूण जेथल्या तेथें राहते. पंडिता रमाबाईंनीं मूळ हिब्रू व ग्रीकवरून केलेलें मराठी भाषांतर इंग्रजीच्या शेजारीं उघडें असतें. या गतीनें सबंध कोष्टक पुरें व्हावयास चार वर्षांहून अधिक लागतील. परवां पुन्हां लेवीय पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय आला. शेताचे कोपरे न कापतां गरिबांसाठीं सोडावे, आणि मजुराची मजुरी रात्रभर आपल्यापाशीं राहूं देऊं नये, असे दोन नियम तेथें आहेत. त्या रविवारीं हे आमच्या नजरेखालून गेले असलेच पाहिजेत. त्या पानावर आमची खूणही आहे.