कावळ्याचे घरटे आणि पावसाचा अंदाज

उन्हाळा टिपेला पोचला की एक मजकूर हमखास वाचायला मिळतो. पूर्वी तो वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत येई, आता मोबाईलवर येतो. विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीला उघडतात, तेव्हा कुणीतरी तो शाळेच्या फळ्यावरही उतरवून काढतो. कावळ्याने बाभळीसारख्या काटेरी झाडावर घरटे केले तर पाऊस कमी, आंब्यावर किंवा करंजावर केले तर चांगला. घरटे झाडाच्या पूर्वेला असेल तर भरपूर पाऊस, पश्चिमेला असेल तर सरासरीइतका, अगदी शेंड्यावर असेल तर दुष्काळ. बिब्याला फार बहर आला तर वर्ष वाईट. चातक दिसला की पाऊस जवळ आला. या मजकुराखाली बहुधा मारुती चितमपल्ली यांचे नाव असते.

हे नाव साधे नाही. चितमपल्ली (१९३२-२०२५) यांनी तीन दशकांहून अधिक काळ वनखात्यात काढला, मेळघाटातही काम केले आणि मराठी वाचकाला जंगल वाचायला शिकवले. 'पक्षी जाय दिगंतरा', 'जंगलाचं देणं', 'रानवाटा' ही पुस्तके वाचून रानाकडे वळलेले शिक्षक अमरावती-अकोल्यात आजही भेटतील. त्यांचे सर्वांत टिकाऊ काम मला शब्दांचे वाटते. कावळ्यांच्या वसाहतीला 'काकागार', बगळ्यांच्या वसाहतीला 'सारंगागार' हे शब्द त्यांनी दिले. ज्याला नाव नाही ते माणसाच्या डोळ्यांपुढून निसटते. नाव मिळाले की गावाबाहेरच्या चिंचेवरचा नुसता गोंगाट 'सारंगागार' होतो आणि मग कुणीतरी तिथली घरटी मोजू लागतो. आदिवासींकडून, रानात राहणाऱ्यांकडून ऐकलेली माहिती त्यांनी लेखनात मानाने घेतली, हेही तितकेच महत्त्वाचे.

अशा फिरत्या मजकुरात मूळ लेखकाचे शब्द कोणते आणि पुढच्यांनी घातलेली भर कोणती, हे वेगळे काढणे कठीण असते. त्यामुळे इथली टीका त्या यादीवर आहे, आणि ज्या पद्धतीच्या निसर्गलेखनातून अशी यादी जन्मते त्या पद्धतीवर आहे. ही टीका करायची गरज का, असे कुणी विचारील. गरज एवढ्यासाठी की वऱ्हाडात पावसाचा अंदाज हा करमणुकीचा विषय नाही. इथली बहुतेक शेती पावसावरची. जूनमध्ये एक चांगली सर आली, कपाशी-सोयाबीन पेरले आणि पुढे पंधरा दिवस आभाळ कोरडे राहिले, तर बियाणे, खत आणि मजुरी मातीत जाते. दुबार पेरणीसाठी पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न ज्या घरात पडतो त्या घरातली मुले आपल्या वर्गात बसलेली असतात.

आता यादी नीट वाचू. तिच्यातल्या सगळ्या गोष्टी एका तोलाच्या नाहीत, आणि यादीचा पहिला दोष हाच की ती सगळ्यांना एकाच ओळीत बसवते.

चातकाचे घ्या. मध्य आणि उत्तर भारतात पावसाळ्याच्या तोंडावर दिसणारा हा पक्षी आफ्रिकेकडून येतो असे मानले जाते, आणि नैर्ऋत्य मोसमी वारेही त्याच दिशेने येतात. वाऱ्याच्या साथीने प्रवास करणारा पक्षी आणि त्याच वाऱ्याने येणारा पाऊस यांची वेळ जुळावी, यात कार्यकारणाचा धागा दिसतो. तो तपासण्याचे प्रयत्नही झाले. २००७ साली सुरू झालेल्या 'मायग्रंटवॉच' या उपक्रमात देशभरातल्या निरीक्षकांनी स्थलांतरित पक्षी प्रथम दिसल्याच्या तारखा नोंदवल्या, त्यांत चातकही होता. २०२० मध्ये भारतीय वन्यजीव संस्थेने दोन चातकांना उपग्रहाद्वारे माग काढणारी यंत्रे बसवली. त्यांची नावे 'मेघ' आणि 'चातक'. (शास्त्रज्ञांनाही कालिदास सुटत नाही.) तेव्हा चातकाविषयीचे विधान तपासता येण्याजोगे आहे. फक्त ते 'पाऊस जवळ आला' इतकेच सांगते. किती पडेल, खंड किती दिवसांचा पडेल, याविषयी चातक काही बोलत नाही.

पावशाची गंमत निराळी. 'पेरते व्हा' असा तो ओरडतो, असे आपण म्हणतो. पण तो उन्हाळ्याच्या सुरुवातीपासूनच ओरडत असतो. त्याचे ऐकून एप्रिलमध्ये तिफण धरणारा शेतकरी मी पाहिलेला नाही. म्हणजे शेतकरी ही म्हण भविष्य म्हणून वापरत नाही. वखरणी उरकून घ्या, बियाण्याची तजवीज करा, अशी आठवण म्हणून वापरतो. पुस्तकात आणि फळ्यावर आल्यावरच तिचे भाकीत होते.

आणि कावळा. इथे खरी अडचण आहे. आपल्याकडे कावळे साधारण एप्रिल ते जूनमध्ये घरटी करतात. पिले मोठी होतात तेव्हा पाऊस आलेला असतो आणि किडे-अळ्यांची चंगळ असते. म्हणजे पाऊस कोणत्या महिन्यात येतो याचे कॅलेंडर कावळ्याच्या शरीरात आहे, असे म्हणायला हरकत नाही. दिवसाची लांबी वाढते तशी पक्ष्यांच्या शरीरात प्रजननाची तयारी सुरू होते, हे प्रयोगांनी दाखवलेले आहे. पण कॅलेंडर म्हणजे हवामानाचा अंदाज नव्हे. दिवसाची लांबी दरवर्षी त्याच तारखेला तितकीच असते. २०२३ मध्ये मोसमी पाऊस विदर्भात जूनच्या चौथ्या आठवड्यात पोचला आणि त्या वर्षीचा ऑगस्ट हा देशासाठी १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. मे महिन्यात काड्या गोळा करणाऱ्या कावळ्याला हे कळावे कसे, याचा मार्ग कुणी दाखवलेला नाही.

बरे, मार्ग माहीत नसला तरी निरीक्षण खरे असू शकते. मग निरीक्षणच पाहू. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त कावळ्याच्या घरट्यावरून पाऊस सांगितला आहे. काटेरी किंवा वाळलेल्या झाडावरचे घरटे वाईट, हे तिथेही आहे. पण झाडाच्या शेंड्यावरचे घरटे तिथे मुख्य पाऊस चांगला होण्याचे लक्षण मानले आहे, आणि आजच्या यादीत तेच दुष्काळाचे लक्षण आहे! पूर्वेकडच्या फांदीवर घरटे असेल तर वराहमिहिर शरद ऋतूत पाऊस सांगतो, आजची यादी भरपूर पाऊस सांगते. दोन्ही ठिकाणी आधार 'पूर्वजांचे निरीक्षण' हाच. दीड हजार वर्षे कुणी खरोखर मोजत आले असते, तर यातले एक विधान केव्हाच गळून पडले असते.

शिवाय एका गावात एकाच मे महिन्यात बाभळीवरही घरटी असतात आणि आंब्यावरही, पूर्वेलाही आणि पश्चिमेलाही. कोणत्या कावळ्याचे ऐकायचे? यादी यावर गप्प आहे. मला तर शंका येते की काटेरी झाडांवरची घरटी दुसऱ्याच गोष्टीची बातमी देत असावीत. रस्ते रुंद झाले तेव्हा कडेचे जुने आंबे, कडुलिंब गेले. गावोगावच्या आमराया गेल्या. धुऱ्यावर, नाल्याच्या काठी बाभूळ तेवढी उरली. अशा गावात कावळा बाभळीवर जाणारच. हे गृहीतकच आहे, पण ते झाडे मोजून तपासता येते.

निसर्गलेखनावरचा माझा आक्षेप इथे आहे. लेखक रानात शेकडो घरटी पाहतो, पण लिहिताना वर्ष, गाव, घरट्यांची संख्या आणि त्या वर्षीचा पाऊस यांची जोडी देत नाही. खरे ठरलेले उदाहरण गोष्ट बनते, चुकलेले विसरले जाते. बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळच्या घटमांडणीचेही तेच. अक्षय्य तृतीयेला घट मांडून दुसऱ्या पहाटे सांगितलेल्या भाकितात 'साधारण', 'कमी-जास्त' असे शब्द असतात, ते चुकणार तरी कसे?

नुसती तारीख-ठिकाण लिहून भागते असेही नाही. मेळघाटात आज ज्याची नोंद आहे त्या रानपिंगळ्याची गोष्ट या बाबतीत डोळे उघडणारी आहे. १८७३ मध्ये ह्यूमने वर्णन केलेला हा घुबडाच्या कुळातला पक्षी. त्याचा शेवटचा नमुना १९१४ मध्ये गुजरातेत मांडवीजवळ मिळाला, असे रिचर्ड माइनर्ट्झहागेन या नामवंत संग्राहकाच्या चिठ्ठीवर लिहिलेले होते. पामेला रासमुसेन यांनी तो नमुना बारकाईने तपासला. तो १८८० च्या दशकात डेव्हिडसनने खानदेशात गोळा केलेला निघाला. ब्रिटिश संग्रहालयातून चोरून, पुन्हा भरून त्यावर नवी चिठ्ठी लावलेली होती. म्हणजे खात्रीची शेवटची नोंद १८८४ ची. जुन्या खऱ्या नोंदींच्या आधारे शोध घेत रासमुसेन आणि सहकारी नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ पोचले आणि ११३ वर्षांनी रानपिंगळा पुन्हा दिसला. पुढे तो मेळघाटातही सापडला. नामवंताच्या शब्दावरही शंका घेतली, म्हणून हे झाले.

मात्र शास्त्रीय बाजूलाही सुटका नाही. हवामान खाते एप्रिलमध्ये सांगते की देशात पाऊस सरासरीच्या अमुक टक्के पडेल. सरासरी ८७ सेंटिमीटर, आणि ९६ ते १०४ टक्के म्हणजे 'सर्वसाधारण'. हे चूक नाही, पण अकोटच्या शेतकऱ्याचा प्रश्न तो नव्हे. त्याला पेरणीनंतरचे पंधरा दिवस हवे आहेत. त्यातच पाऊस पडण्याची रीत बदलते आहे. पुण्याच्या उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील रॉक्सी कोल व सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवले की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या क्षेत्रावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. भूविज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालानुसार १९५१ ते २०१५ मध्ये देशाचा मोसमी पाऊस सुमारे सहा टक्क्यांनी घटला. सातशे मिलिमीटर पाऊस पंचेचाळीस दिवसांत पडला काय आणि वीस दिवसांत पडला काय, सरासरीच्या तक्त्यात दोन्ही सारखेच. कपाशीला मात्र ते सारखे नाही. मे २०२४ मध्ये पारा ४५ अंशांपुढे गेल्यावर अकोला जिल्हा प्रशासनाने उन्हापायी जमावबंदीचे कलम १४४ लावले. असा उन्हाळा जुन्या आडाख्यांच्या आणि जुन्या सरासरीच्या, दोन्हींच्या बाहेरचा आहे.

कृषी विद्यापीठाचा सल्ला याहून उपयोगाचा, कारण तो भविष्य सांगत नाही, अट सांगतो: ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. पण त्याची भाषा परिपत्रकाची. कावळ्याची यादी गावभर पाठ असते आणि हा आकडा नसतो, याचे कारण चितमपल्लींच्या गोड गद्यातही शोधायला हवे आणि परिपत्रकाच्या रुक्षपणातही.

शाळेत हे तपासायचे तर घरट्यांच्या वेळी सुट्टी असते, ही अडचण आहे. ती नोंद सुट्टीतला अभ्यास म्हणून द्यावी. गावातली मोठी झाडे जातीनिहाय आधी मोजावीत, मग घरटी: झाड, दिशा, उंची, तारीख. जूनपासून शाळेच्या अंगणात पर्जन्यमापक ठेवून रोज सकाळी साडेआठला पाऊस मोजावा आणि कोरड्या दिवसांचे सलग गट वेगळे लिहावेत. भाकीत पाऊस पडण्याआधी पाकिटात बंद करून मुख्याध्यापकांकडे द्यावे. एका वर्षावरून काही ठरणार नाही, पाच-सात वर्षांच्या वह्या हव्यात. आणि तक्त्यात 'झाड आहे, घरटे नाही' असा रकाना हवाच. मुले तो भरायला कंटाळतात.