चार पाती आणि एक मोठा निष्कर्ष

जुन्या तलवारीची मूठ बघून तिचं मूळ ठरवू नका. आपल्याकडे मूठ राळेने बसवत, त्यामुळे ती बदलणं सोपं. फिरंग घ्या: पातं युरोपचं, मूठ इकडची. जपानी तलवारीत मुठीखाली लपलेल्या भागावर कारागिराची सही तरी सापडू शकते. आपल्या पोलादी पात्यावर बऱ्याचदा फक्त जौहर असतो, पाण्याच्या लहरींसारखी नक्षी.

हा जौहर येतो कुठून, यावरचा व्हर्होवेन, पेंड्रे आणि डॉक्श यांचा १९९८ चा पेपर जरूर वाचा. बर्नच्या संग्रहालयातल्या चार जुन्या पात्यांचे नमुने त्यांनी तपासले. (आपल्याकडे तुकडा कापायची परवानगी मागून बघा!) पोलादात सुमारे दीड टक्का कार्बन, आणि अगदी नाममात्र व्हॅनेडियम. पुन्हापुन्हा तापवून ठोकलं की या अशुद्धीमुळे कार्बाइडचे कण पट्ट्यांत जमतात. पेंड्रे स्वतः लोहारकाम करणारे, त्यामुळे तशी पाती घडवूनही दाखवली. इथवर पेपर भक्कम.

पण पुढे ते सुचवतात की तसं खनिज मिळेनासं झालं म्हणून ही कला बुडाली असावी. चार पात्यांवरून? खाण संपली का, हे पातं सांगत नाही. निजामाबादकडचं कोनासमुद्रम हे पोलादाचं गाव, औरंगाबादसारखंच निजामाच्या राज्यातलं. इराणी व्यापारी तिथे माल घ्यायला येत. तिथली धातुमळी आणि ही पाती शेजारी ठेवून तपासल्याशिवाय मी ते वाक्य माझ्या थिसिसमध्ये साईट करणार नाही.