मिनार कोणी निमुळता केला?

आमच्या शाळेच्या इतिहास-प्रदर्शनात नववीच्या एका मुलाने कुतुबमिनारावर तक्ता केला होता. दिल्लीच्या सहलीत स्वतः काढलेला फोटो त्याने मोबाइलवर ‘दुरुस्त’ करून मोठा छापून आणला होता. मूळ फोटोत मिनार मागे रेलल्यासारखा दिसत होता. अ‍ॅपमधली खूण बोटाने सरकवत सरकवत त्याने दोन्ही कडा जमतील तितक्या उभ्या केल्या. शेजारी सुवाच्य अक्षरात माहिती होती : उंची सुमारे ७२.५ मीटर, पायथ्याचा व्यास १४.३ मीटर, माथ्याचा २.७ मीटर.

एका मुलीने पट्टी लावून छापील मिनार मोजला आणि मला विचारले, “सर, माथा पायथ्याच्या पाचव्या हिश्श्याहून थोडा लहान हवा ना? इथे तर तिसऱ्या हिश्श्याहून मोठा येतोय. फोटो खोटा की आकडे खोटे?” मी सांगून टाकले, “फोटो दुरुस्त केलेला आहे, म्हणजे बरोबरच असणार. तू मोजायला चुकली असशील.” ती मोजायला चुकली नव्हती. चुकलो होतो मी, आणि मला चुकवले होते ‘दुरुस्त’ या शब्दाने.

माझी तक्रार या शब्दाबद्दल आहे. छायाचित्रणाच्या पुस्तकांत इमारतीच्या उभ्या रेषा वर एकवटल्या की त्याला ‘विकृती’ किंवा ‘दोष’ म्हटले जाते. दोष म्हटला की तो कोणाचा तरी असायला हवा. मग तो बिचाऱ्या भिंगाच्या माथी मारला जातो. वास्तविक भिंगाने काहीही चूक केलेली नसते. स्वस्त भिंगामुळे सरळ रेषा वाकडी येते, तो निराळा प्रकार. येथे सरळ रेषा सरळच राहते, फक्त ती तिरपी होते.

का तिरपी होते, हे वर्गातच पाहता येईल. खिडकीच्या उभ्या काचेसमोर बसा, एक डोळा मिटा, डोके हलू देऊ नका आणि समोरच्या इमारतीच्या कडा स्केचपेनने काचेवर गिरवा. इमारत कितीही उंच असली तरी उभ्या कडा समांतरच उमटतील. आता प्लास्टिकचा पारदर्शक तक्ता घेऊन त्याची वरची कड आपल्याकडे झुकवा आणि तीच इमारत पुन्हा गिरवा. रेषा वर एकमेकींकडे सरकतील. डोळा तोच, इमारत तीच, प्रकाशकिरणही तेच. बदलले ते फक्त किरणांना छेदणारे प्रतल. कॅमेरा वर रोखला की त्यातील फिल्म किंवा संवेदक असाच झुकतो. ज्यांनी ओव्हरहेड प्रोजेक्टर वापरला आहे त्यांना याचे उलटे रूप आठवेल : पडद्यावरचा चौकोन वर पसरट होई आणि आपण पडद्याची वरची कड पुढे ओढून तो सरळ करत असू.

म्हणजे दोन्ही चित्रे यथादर्शनाच्या नियमाने खरीच. मग तिरपे चित्र डोळ्याला का खुपते? कारण ते ज्या कोनात घेतले त्या कोनात आपण पाहत नाही. असा फोटो डोळ्यांच्या वर, तसाच झुकवून, योग्य अंतरावरून पाहिला तर इमारत पुन्हा ताठ उभी राहते. गंमत अशी, की जमिनीवरचे आगगाडीचे रूळ दूर जाऊन एकवटले तर कोणालाच दोष दिसत नाही, उलट चित्रकलेच्या तासाला आपण ते कौतुकाने काढून घेतो. रेषा उभ्या दिशेने एकवटल्या की मात्र दुरुस्ती सुचते!

आता मिनाराकडे परत येऊ. मिनारापासून १०० मीटरवर उभे राहून कॅमेरा २० अंश वर रोखला, तर प्रतलाच्या झुकावामुळे माथ्याची रुंदी पायथ्याच्या तुलनेत सुमारे २१ टक्क्यांनी आकसते. खरे गुणोत्तर ०.१९, फोटोत ते ०.१५ च्या आसपास येईल. याचा अर्थ फोटोतील निमुळतेपणाचा फार मोठा वाटा बांधणाऱ्यांचा आहे, कॅमेऱ्याचा थोडासा. सरकती खूण ०.१९ ला थांबवायला हवी होती. आमच्या विद्यार्थ्याने ती पुढे रेटली आणि मिनाराचे जवळपास धुराडे करून टाकले. कडा उभ्या दिसल्या म्हणजे चित्र खरे झाले, असे त्याला वाटले. त्याला कोणी उलटे सांगितलेच नव्हते.

उंचीचे प्रकरण याहून फसवे आहे. मिनाराला पाच मजले आहेत आणि प्रत्येक मजला खालच्यापेक्षा बुटका. सर्वांत खालचा एकटाच सुमारे २९ मीटरचा. वरचे दोन फिरोजशहा तुघलकाच्या काळात, वीज पडून हानी झाल्यावर, १३६८-६९ मध्ये बांधले गेले. हे घटत जाणे दगडातच आहे. तिरप्या प्रतलामुळे वरचे मजले रुंदीत आकसतात तसे उंचीतही आकसतात. म्हणून चित्र परत उभ्या प्रतलावर आणायचे तर ते दोन्ही दिशांनी ताणावे लागते. किती, हे भिंगाचे नाभीय अंतर आणि कॅमेऱ्याचा झुकाव यांवर ठरते. कडा कापून टाकलेल्या फोटोत मूळ मध्यबिंदूच हरवलेला असतो. अशा फोटोत रेषा सरळ करता येतात, पण उंची-रुंदीचे प्रमाण बरोबर आले की नाही हे चित्र स्वतः सांगत नाही. आणि मुले तर त्यावरच पट्टी लावतात.

ताजमहालात ही फसगत उलटी होते. त्याचे चारही मिनार मुळातच किंचित बाहेर झुकवलेले आहेत. भूकंपात पडलेच तर घुमटापासून दूर पडावेत, असे त्याचे कारण सांगितले जाते. वर रोखलेल्या कॅमेऱ्यात हे बाहेर झुकलेले मिनार आत झुकलेले दिसू शकतात. कोणी ते बरोबर समांतर केले, तर चित्र देखणे होईल आणि बांधणाऱ्याने मुद्दाम दिलेला झुकाव त्यातून पुसला जाईल.

जुने छायाचित्रकार या बाबतीत जास्त शहाणे होते असे मला वाटते. मोठ्या प्लेटच्या कॅमेऱ्यात प्लेट उभीच ठेवून फक्त भिंग वर सरकवत, आणि त्यासाठी आधी पाणसळीने कॅमेरा सपाट करून घेत. उभेपणाचा आधार गुरुत्वाकर्षण होते, इमारतीची कड नव्हे. आजचे अ‍ॅप बहुधा चित्रातल्या कडांवरूनच उभेपणा ठरवते, आणि इमारत मुळातच कललेली असेल तर घोटाळा होतो.

रेषा सरळ करूच नयेत असे माझे म्हणणे नाही. इमारतीची नोंद ठेवायची, दगडांचे थर मोजायचे, तर उभे प्रतलच हवे. पण अलेक्झांडर रॉडचेन्कोने १९२५ मध्ये मॉस्कोतील आपल्या घराच्या गॅलऱ्या पायथ्याशी उभे राहून वर बघत टिपल्या, त्या सरळ करायला गेलो तर हाती काय उरेल? मान मोडेपर्यंत वर पाहण्याचा अनुभव हाच त्या फोटोंचा विषय आहे. तेथे एकवटणाऱ्या रेषा ही माहिती आहे. सरळ रेषांची आवड असलेल्या संपादकांनी इमारतींचे फोटो छापताना खाली एवढे तरी लिहावे : ‘रेषा सरळ केल्या आहेत’, आणि कशाच्या आधारे.

त्या मुलीची मी दुसऱ्या दिवशी वर्गासमोर माफी मागितली. मग आम्ही गावच्या देवळातील दीपमाळ निवडली, कारण तीही खाली जाड आणि वर बारीक. मुलांनी तिच्या दोन्ही बाजूंना, तिच्याच रेषेत, दोन बांबू रोवले आणि गवंड्याकडून आणलेला ओळंबा लावून ते उभे असल्याची खात्री केली. फोटो मुद्दाम कॅमेरा वर करून घेतला. या वेळी दीपमाळेकडे न पाहता फक्त बांबू समांतर होईपर्यंत खूण सरकवायची, असे ठरले. पायथा आणि बांबूच्या टोकाच्या उंचीवरची जाडी मुलांनी आधीच दोरीने मोजून वहीत लिहून ठेवली होती. रुंदीचे गुणोत्तर बरेच जवळ आले. उंचीचे आले नाही. आता ती मुलगी नाभीय अंतर कुठे लिहिलेले असते ते शोधते आहे.