शेक्सपिअरचा ‘दुसऱ्या प्रतीचा’ पलंग : एक पुनर्विचार

विल्यम शेक्सपिअरच्या २५ मार्च १६१६ च्या मृत्युपत्रात पत्नीच्या वाट्याला स्पष्टपणे एकच वस्तू आलेली दिसते : दुसऱ्या प्रतीचा पलंग, त्याच्या ‘फर्निचर’सह. हे वाक्य मूळ ओळींच्या मध्ये मागाहून घातलेले आहे. अठराव्या शतकात एडमंड मॅलोन याने त्यात पत्नीची उपेक्षा वाचली आणि तेव्हापासून समीक्षेची सारी चर्चा ‘दुसऱ्या प्रतीचा’ या विशेषणाभोवती फिरत राहिली. ‘फर्निचर’ या शब्दाकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले नाही.

आज मराठीतही रुळलेल्या या शब्दाने टेबल-खुर्च्या डोळ्यांसमोर येतात. वर्गात हे वाक्य शिकवताना घोटाळा होतो तो येथेच. त्या काळी पलंगाच्या संदर्भात त्याचा अर्थ गाद्या, उशा, पांघरुणे, छत आणि पडदे असा होता. मराठीत ज्याला छपरी पलंग म्हणतात, त्याच जातीचा हा चौखांबी पलंग. पुष्कळदा लाकडी सांगाड्यापेक्षा त्यावरील वस्त्रांचेच मोल अधिक असे.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील ‘वेअरचा महापलंग’ या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. सुमारे १५९० मधील हा ओकचा पलंग तीन मीटरहून अधिक रुंद असून शेक्सपिअरने ‘ट्वेल्फ्थ नाइट’मध्ये त्याचा विनोदी उल्लेख केला आहे. खांबांवर पाहुण्यांनी कोरलेली आद्याक्षरे अद्याप दिसतात. लाकूड टिकते; वस्त्र विरते. पलंगाची किंमत लाकडावरून करण्याची आपली सवय कदाचित यातूनच आली असावी.

या पडद्यांचे नाट्यमूल्य शेक्सपिअर जाणून होता. ‘ऑथेल्लो’च्या अखेरच्या प्रवेशात डेस्डेमोनाची हत्या झाल्यावर एमिलिया दार ठोठावते, तेव्हा ऑथेल्लो प्रथम पलंगाचे पडदे ओढतो. खोलीत आलेल्या एमिलियाला शय्येवरचे काही दिसत नाही. पडदे ओढलेला पलंग म्हणजे खोलीतली खोलीच.

उत्तम पलंग पाहुण्यांसाठी राखीव असे, म्हणून दुसऱ्या प्रतीचा तो दांपत्याचा, हा बचाव प्रसिद्ध आहे. कॅरल अॅन डफी यांचे ‘अॅन हॅथवे’ हे सुनीत याच बाजूचे. काव्य म्हणून ते समर्थ आहे. पुरावा म्हणून त्याचा आधार घेणे योग्य नव्हे. मॅलोनला दिसलेली उपेक्षा आणि डफींना दिसलेले प्रेम, दोन्ही एकाच विशेषणातून काढलेली आहेत. त्याच मृत्युपत्रात कन्या ज्युडिथला सोन्याचा मुलामा दिलेला चांदीचा वाडगा आणि बहीण जोन हिला अंगावरची वस्त्रे दिली आहेत. त्यांवरून मात्र कोणी भावनांचे मोजमाप करीत नाही.