पाठ आणि कूस

हिवताप विभागाच्या माणसाने हौदात सोडलेला गप्पी आणि दिवाणखान्यातल्या काचेत शेपटी फुलवून हिंडणारा गप्पी ही एकाच माशाची दोन रूपं आहेत, हे पहिल्या नजरेत पटत नाही. वाशीम जिल्ह्यातल्या शेलूबाजारसारख्या गावी ही दोन्ही रूपं एकाच घरात भेटू शकतात: मागच्या अंगणात सिमेंटचा हौद, पुढच्या खोलीत दोन फुटी टाकी. इथली एखादी आजी दोघांचा निवाडा एका दमात करेल, ‘हौदातलं पोट्टं कामाचं राह्यते, काचेतलं लाडाचं.’ निवाडा चटकदार आहे, पण रसिकाने त्यावर थांबू नये. हौद मासा वरून दाखवतो, काच कडेने. एकात रेषा कळते, दुसऱ्यात रंग. आणि इंच-दीड इंचाचा हा जीव दोन्ही परीक्षांना उतरतो.

आधी हौद. सकाळी ऊन तिरपं असताना काठाशी उभं राहून खाली पाहावं. बराच वेळ काहीच दिसत नाही. गप्पीची पाठ करडी-हिरवट असते, तळाच्या शेवाळात मिसळून जाणारी. काठावर टपलेल्या ढोकरीपासून वाचण्यासाठीच ती तशी घडली आहे, आणि आपण नेमके ढोकरीच्या जागी उभे असतो. म्हणून मासा शोधूच नये, सावली शोधावी. तळाच्या उजळ सिमेंटवर एक काळी रेघ सरकताना दिसते, मग तिच्या धन्याचा पत्ता लागतो. मादी तळालगत असेल तर सावली नेमकी आणि तिला चिकटलेली; ती वर चढू लागली की सावली बाजूला सरकते, पसरते, पुसट होते. पाणी प्रकाश वाकवतं, त्यामुळे तीन फुटांचा हौद वरून सव्वादोन फुटांचाच भासतो. डोळा खोलीला असा फसतो, पण मासा आणि सावली यांच्यातलं अंतर खोलीचा खरा अंदाज देतं. नितळ पाण्याचं हे गणित एकदा उमगलं की रिकामा वाटणारा हौद माशांनी गजबजून जातो.

रेषेची कमाल मात्र प्रणयात आहे. नर मादीच्या पुढ्यात येतो, अंग इंग्रजी ‘एस’सारखं वाकवतो आणि थरथरतो. हा बाक डावी-उजवीकडचा असतो. कडेने पाहणाऱ्याला त्यात नर जरा आखूड झाल्यासारखा दिसतो, एवढंच. वरून पाहणाऱ्याला तो बाक डोक्यापासून शेपटीपर्यंत अखंड मिळतो. मादी पुढे सरकते, नर तिला वळसा घालून पुन्हा समोर येतो, पुन्हा तोच बाक. ती बहुतेक वेळा नकार देते आणि तो पहिल्याच उत्साहाने पुढची फेरी घेतो. रंग सगळे कुशीवर असल्यामुळे वरून त्यातला एकही धड दिसत नाही, तरी नर कोण आणि मादी कोण हे निव्वळ चालीवरून ओळखता येतं. रंगाला हात न लावता केवळ रेषेवर उभं राहिलेलं असं नृत्य पाहायला हौदासारखं व्यासपीठ नाही.

हे व्यासपीठ आपसूक तयार होत नाही. जाणत्याने बांधलेला हौद भिंतीच्या पूर्वेला असतो, म्हणजे सकाळचं ऊन मिळतं आणि दुपारनंतर सावली. वऱ्हाडात मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पलीकडे जातो. वरचं पाणी कोमट झालं की मासे खाली उतरतात, म्हणून खोली अडीच-तीन फूट हवी. जवळ कडुनिंब नको. ऐन फाल्गुनात तो पानं झाडतो, ती पाण्यात कुजतात आणि पाण्यातला प्राणवायू खातात. पिल्लांना लपायला हायड्रिला या पाणवनस्पतीची दाटी हौदाच्या एका कोपऱ्यात राहू द्यायची, कारण गप्पीची आईच पिल्लांची पहिली वैरी असते. भिंतींवरचं शेवाळ सगळं कधी खरवडायचं नाही. पाणी शुद्ध ठेवणारे जिवाणू त्याच बुळबुळीत थरात राहतात. पाण्याची पातळी काठापासून चार बोटं खाली आणि सांडव्याच्या नळीला बारीक जाळी, नाहीतर आषाढातल्या एका झडीत मासे काठावरून वाहून जातील. ही जाळी माशांसाठी आहे तशीच नदीसाठीही आहे. गप्पी मूळचा दक्षिण अमेरिकेकडचा, भारतात तो १९०८च्या सुमारास आला; आपल्या ओढ्या-नाल्यांत शिरला तर तिथल्या देशी माशांच्या पोटावर पाय देतो. चार बोटांची मोकळी जागा आणि वीतभर जाळी यांत हौदवाल्याची सगळी दूरदृष्टी दिसते.

आता पुढच्या खोलीत यावं. काचेसमोर बसताच आपली जागा बदलते: ढोकरीची जागा सुटते आणि मादी गप्पीची मिळते. तिला जी कूस दाखवायला नर धडपडतो तीच आपल्यासमोर उलगडते. नारिंगी ठिपका, त्याला लागून काळा, मध्येच निळसर चमक. नारिंगी आणि काळा हे रंगद्रव्याचे; निळा मात्र त्वचेतल्या सूक्ष्म स्फटिकांवरून परतणाऱ्या प्रकाशाचा, त्यामुळे मासा जरासा वळला की निळा विझतो आणि नारिंगी जागच्या जागी राहतो. एका अंगावर दोन प्रकारचे रंग, एक स्थिर आणि एक चंचल. काचेपुढे पाच मिनिटं निवांत बसल्याशिवाय ही लय पकडता येत नाही, आणि एकदा पकडली की साध्या नराचीही कूस मामुली वाटत नाही.

काच आणखी काय दाखवते? तोंड. गप्पीचा खालचा जबडा पुढे आलेला असतो आणि तोंड वर उघडतं. डासांच्या अळ्या पाण्याच्या पृष्ठभागाला लटकून श्वास घेतात. हे तोंड नेमकं तिथे पोचतं. प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या आवारात गप्पी पैदास केंद्रं कशासाठी ठेवतात, याचं उत्तर या जबड्यात आहे. मग मादीचं पोट: शेपटीकडच्या बाजूला एक गडद डाग असतो आणि दिवस भरत आले की तो रुंदावतो. गप्पी अंडी घालत नाही, महिन्याभराच्या अंतराने जिवंत पिल्लं देते. फिकट रंगाच्या मादीत शेवटच्या दिवसांत ताणलेल्या त्वचेआड पिल्लांचे डोळे बारीक काळ्या टिंबांसारखे दिसतात. आणि एक गंमत सहसा कोणी पाहत नाही: मान खाली घालून पृष्ठभागाकडे खालून पाहावं. पाण्याचं छत चांदीचा आरसा होतं आणि प्रत्येक माशावर त्याचाच उलटा जोडीदार तरंगतो. हौदावरून जन्मभर पाहिलं तरी हे छत दिसणार नाही. ते फक्त काचेचं देणं आहे.

टाकीची कारागिरी हौदाइतकीच अबोल असते. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत काठोकाठ भरलं तरी पाणी साधारण छप्पन्न लिटरच मावतं, म्हणून चुकीला जागा थोडी. माशांच्या कल्ल्यांतून बाहेर पडणारा अमोनिया आधी नायट्राइट आणि मग बराच सौम्य असा नायट्रेट होतो. हे काम करणारे जिवाणू स्पंजच्या फिल्टरवर वस्ती करायला काही आठवडे घेतात. जाणता माणूस तेवढे आठवडे टाकी जवळजवळ रिकामी ठेवतो आणि पाहुण्यांची थट्टा ऐकून घेतो. मागच्या काचेला काळा कागद, म्हणजे नारिंगी उठून दिसतो. खडी मागे उंच, पुढे उतरती, म्हणजे फूटभर रुंदी दुप्पट भासते. दिवा वर असला तरी पुढच्या काचेकडे झुकलेला, म्हणजे कुशीवर प्रकाश पडतो आणि मासा काळोखी आकृती होत नाही. टाकी खिडकीत ठेवायची नाही. उन्हाळ्यात मात्र ती कुलरच्या खोलीत हवी. हवा गार राहते आणि टाकीचं पाणीही तापत नाही. आणि मासे मोजकेच ठेवायचे, कारण वीज गेली की फिल्टरही थांबतो. अशा टाकीत दुपारभर लाइट नसली तरी एकही मासा वर येऊन धापा टाकत नाही, तेव्हा तिच्या मालकाच्या संयमाला मनातल्या मनात दाद द्यावी.

वरून पाहायचा मासा आणि कडेने पाहायचा मासा, हा भेद या घरापुरता नाही. चीनमध्ये गोल्डफिश शतकानुशतकं तळ्यांत आणि मातीच्या कुंड्यांत वाढला, म्हणून त्याचे जुने प्रकार वरून देखणे आहेत. जपानी रांचू गोल्डफिशला पाठीवरचा पर नाही. त्याची रुंद, गुळगुळीत पाठ हाच त्याचा दागिना, आणि परीक्षक तो परंपरेने वरूनच पाहतात. कोई माशाच्या पांढऱ्या पाठीवरचे लाल पट्टेही तळ्याच्या काठावरूनच वाचायचे. शेलूबाजारावरून जाणारा हमरस्ता पश्चिमेला छत्रपती संभाजीनगरला पोचतो. तिथल्या पाणचक्कीच्या हौदातले मासे लोक आजही वरूनच न्याहाळतात. काचेची टाकी ही एकोणिसाव्या शतकाच्या मध्याची देणगी. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ साली तिचं सार्वजनिक दालन उघडलं आणि मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झालं. काच आल्यावर माशाचं सौंदर्य पाठीवरून कुशीवर आलं. एका पारदर्शक भिंतीने देखणेपणाची व्याख्या बदलावी, हे कलेच्या इतिहासातही क्वचितच घडतं.

गप्पीच्या बाबतीत हा बदल पिढ्यांमध्ये उतरतो. जीवशास्त्रज्ञ जॉन एंडलर यांनी १९८० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दिसलं की भक्षक मासे असलेल्या पाण्यात नर साधे होत जातात, आणि भक्षक नसले की थोड्याच पिढ्यांत ठिपके वाढतात. हौदात ढोकरी येते, चतुराच्या अळ्या पिल्लं पकडतात. भडक नर आधी जातो. काचेत भक्षक नाही, उलट माणूस लांब शेपटीचेच नर निवडतो. ती शेपटी हौदात चार दिवस तगणार नाही. इथवर आजीचा निवाडा खरा ठरतो. पण नारिंगी ठिपका तिला उत्तर देतो. त्यातलं एक रंगद्रव्य गप्पीला अंगात तयार करता येत नाही, खाण्यातून मिळवावं लागतं, आणि त्याचा मोठा साठा शेवाळात असतो. कोरड्या खाद्यावर वाढलेल्या नराचा नारिंगी फिका पडत जातो. हौदातला करड्या पाठीचा नर मात्र भिंतीवरचं शेवाळ कुरतडून कुशीवर गडद नारिंगी बाळगून असतो. ठिपके कमी, पण आहेत ते गच्च.

तो पाहायची रीत सोपी आहे. ओंजळीने नव्हे, स्टीलच्या वाटीने नर अलगद उचलावा, पाण्यासकट काचेच्या पेल्यात सोडावा आणि उजेडाकडे धरावा. तुलना करायची तर शेजारी टाकीतला नर ठेवावा. शेपटीत टाकीवाला जिंकतो, रंगाच्या खोलीत हौदवाला. म्हणून पारखी माणूस दोघांत निवड करत नाही. हिवाळ्याची थंडी सरली की तो हौदातले दोन नर टाकीत आणतो, टाकीतल्या पोटुशा मादीला हायड्रिलाच्या कोपऱ्याशी नेऊन सोडतो, आणि अदलाबदल करताना हौदाचं पाणी वाटीवाटीने मिसळत अर्धा तास घालवतो. रंग कमवायचा हौदाने आणि दाखवायचा काचेने, हे श्रमाचं वाटप ज्याला साधलं, त्याच्या घरात कामाचं पोट्टंही लाडाचं होतं.