मेड नव्हे, बटीक : ओडिसी दुसऱ्यांदा वाचताना

दोस्तहो, महाकाव्य म्हटलं की आपले प्राध्यापक आधी हात जोडतात, मग पुस्तक उघडतात. आपण उलटं करायचं. आधी विचारायचं : यात दळण कोण दळतं? मढी कोण उचलतं? आणि भाषांतरकारानं त्या माणसाला काय नाव दिलंय?

गंगापूर रोडवरच्या एका खोलीत आम्ही होमरची ओडिसी पुन्हा वाचली. आधीची वाचलेली ई. व्ही. रियूची, १९४६ ची पेंग्विन. या खेपेला एमिली विल्सनबाईंची, २०१७ ची. संपूर्ण ओडिसीचं बाईनं केलेलं, छापून आलेलं हे पहिलं इंग्रजी भाषांतर. गोष्ट तीच. वीस वर्षांनी परतलेला राजा, राणीच्या मागं लागलेले १०८ मागणीदार, त्यांची कत्तल. पण जुन्या प्रतीत घरभर 'मेड' वावरतात, नव्या प्रतीत 'स्लेव्ह'. मूळ ग्रीक शब्द 'द्मोआय', म्हणजे गुलाम बायका. मेडला पगार असतो, ती काम सोडून जाऊ शकते. युरिक्लिया म्हातारीला राजाच्या बापानं वीस बैलांच्या किमतीला विकत घेतलेलं. ती कुठं जाणार?

एका शब्दानं काय बिघडतं? बाविसावा सर्ग काढा. ओडिसियस मागणीदारांना सुनावतो की तुम्ही माझ्या घरातल्या बायकांवर जबरदस्ती केली. आणि त्याच सर्गात 'मागणीदारांशी निजल्या' म्हणून पन्नासांतल्या बाराजणी मरणाला काढल्या जातात. त्यांची नावं दाखवणारी कोण, तर युरिक्लियाच. मालकाची इमानी. आधी त्यांच्याकडून प्रेतं उचलून घेतात, रक्ताळलेली मेजं पुसून घेतात, मग एका दोरावर टांगतात. 'मेड' वाचलं की वाटतं, चवचाल मोलकरणी, भोगलं केलेलं. 'गुलाम' वाचलं की प्रश्न उभा राहतो : जिचं शरीरच दुसऱ्याच्या मालकीचं, ती 'नाही' कुणाला म्हणणार? रॉबर्ट फॅगल्सच्या १९९६ च्या भाषांतरात राजपुत्र त्यांना वेश्येवरनं शिव्या घालतो. ग्रीकमध्ये तिथं शिवी नाही, नुसतं 'त्या' असं सर्वनाम आहे. शिवी भाषांतरकाराच्या पदरची!

त्यानंतर शेळ्या राखणाऱ्या मेलँथियस ह्या गुलामाचे नाक-कान कापतात. नाशिककरांना ही गोष्ट नवी नाही. गोदावरीपलीकडे पंचवटीत शूर्पणखेचं नाक कापलं म्हणून हे नाशिक, असं पोराटोरांना कौतुकानं सांगतात. नाक कुणाचं, हे कुणी विचारत नाही. त्याच पंचवटीत काळाराम मंदिराच्या दाराशी २ मार्च १९३० ला सत्याग्रह उभा राहिला, हे सांगताना मात्र आवाज बसतो.

होमरला सगळंच दिसत नव्हतं असं नाही. विसाव्या सर्गात बाराजणी जात्यावर आहेत. अकरा दळून झोपल्या. सर्वांत अशक्त एकटी रात्रभर दळतेय. जातं थांबवून ती देवाला म्हणते, ह्यांच्यासाठी दळून माझे गुडघे गेले, हे त्यांचं शेवटचं जेवण होवो. ओडिसियस ते ऐकतो आणि शुभशकुन झाला म्हणून खूश होतो. बस्स. तिला नाव नाही, पुढं तिचं काय झालं तेही नाही. आपल्या आयाबायांनी जात्यावर जे सोसलं ते ह्या चार ओळींत आहे. आमच्या मते ओडिसीतली सगळ्यात खरी जागा ही.

विल्सनबाईंनी काव्य बदललेलं नाही. मालकच जिंकतो. त्यांनी फक्त झाकण काढलं. ह्याचं मोल बाबासाहेबांच्या वाचकाला लगेच कळावं. इंग्रजी खंडांपैकी पाचव्या खंडात (१९८९) त्यांनी गुलामगिरी आणि अस्पृश्यता शेजारी ठेवून तपासली आहे. गुलामगिरी उघड असते, गुलामाला ती ठाऊक असते. अस्पृश्यता ही माणसाला कळू न देता लादलेली गुलामगिरी. 'मेड' हा शब्द कागदावर नेमकं हेच करतो. फुल्यांनी १८७३ साली पुस्तकाचं नाव 'सेवाचाकरी' ठेवलं नाही, 'गुलामगिरी' ठेवलं.

आता मराठीचं. 'दासी' शब्द भक्तीच्या पाकात इतका मुरलाय की त्यात बेडी वाजतच नाही. पण पेशवाईच्या दफ्तरांत 'कुणबीण', 'बटीक' हे शब्द आहेत. विकत घेतलेल्या, विकलेल्या, मालमत्तेत मोजलेल्या बायका. त्यांच्या पोराला 'लेकावळा' म्हणत. हे शब्द कुणी शोधायला नकोत, आपल्याच इतिहासात पडलेत. तेव्हा उद्या तुमच्यापैकी कुणी ओडिसी मराठीत आणायला बसलात, तर त्या बाराजणींना दासी म्हणू नका. बटकी म्हणा. वाचणाऱ्याला टोचू द्या.